दशांश चिन्हाची वकिली

महापेच्या आमच्या कंपनीत दुपारचं जेवण झालं की अर्धे लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात. मी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांचे ईमेल वाचतो. ही सिस्टीम जगभरातले लोक मिळून लिहितात, बरेचसे फुकट, आणि भांडतातही फुकटच. एका दुपारी तिथल्या एका ज्येष्ठाने लिहिलं होतं, 'ज्या प्रोसेसरमध्ये दशांशाचं गणित करणारं हार्डवेअरच नाही, त्यांना अजून किती सांभाळायचं? ते कुणी वापरत असेल असं वाटत नाही. काढून टाकू या.'

मला ते झोंबलं. आमची कंपनी माशांच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान राखणारे डबे बनवते आणि जुन्या डब्यांत नेमके असलेच प्रोसेसर होते. त्यांना पूर्णांक कळायचे. उणे साडेअठरा म्हटलं की ते हात वर करायचे, मग ऑपरेटिंग सिस्टीम बिचारी पूर्णांकांचीच जुळवाजुळव करून उत्तर काढून द्यायची. हळू, पण द्यायची. बर्फातल्या माशाला कुठे घाई असते?

मी तावातावाने उत्तर खरडलं. चालत्या वस्तू फेकून देण्याची श्रीमंतांची खोड, आमच्याकडची काटकसर, सगळं घातलं. मागून साहेब वाचत होते.

"त्यातला वसाहतवाद काढ," ते म्हणाले. "बाकी मस्त आहे."

मी काही काढला नाही. संध्याकाळपर्यंत त्या ज्येष्ठाचं उत्तर आलं: 'छान. तुम्ही वापरता, तर यापुढे प्रत्येक नवी आवृत्ती तपासायचं कामही तुमचंच.'

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आणि हे घरी कर हं," ते जाताना म्हणाले.

अशा रीतीने एक जुना डबा कोपरखैरण्याच्या आमच्या वन बीएचकेत, फ्रीजच्या डोक्यावर, राहायला आला. त्याची तार दाराच्या रबरातून आत फ्रीजरमध्ये सोडलेली. माझे रविवार त्याच्यापुढे जायचे. चहा ठेवून, पिऊन, कप विसळून झाला तरी तो सुरू होतच असायचा.

"हा आपल्याकडे किती दिवस आहे?" बायकोने विचारलं. असं ती आजवर फक्त माझ्या मामाबद्दल विचारत आली होती.

मग एका नव्या आवृत्तीत उणेचं चिन्हच गायब झालं. फ्रीजर उणे अठरावर आणि डबा सांगतोय, अठरा. त्याचं म्हणणं पटून की काय, तारेच्या फटीतून फ्रीजरही खरंच गरम व्हायला लागला आणि बायकोचं सीताफळ आइस्क्रीम वाहून भाजीच्या कप्प्यात उतरलं. त्या दिवशी मी जिन्यात बसून तक्रार लिहिली.

ज्येष्ठाने आपला शनिवार-रविवार घालून चूक शोधली, दुरुस्त केली आणि सहज विचारलं, 'तुमच्याकडे असे डबे अजून किती चालू आहेत?'

मी ऑफिसात चौकशी केली. तुर्भ्याचे बदलले होते, वाशीचे बदलले होते. उरला होता फक्त एक, नेरूळच्या सारसोळे गावात, एका कोळी मावशींच्या शीतखोलीत, मीच कधीकाळी बसवलेला. एका डब्यासाठी मी जगाला वेठीला धरलं होतं. तोही बदलून टाकायचं ठरवलं. पण म्हटलं, तो एक तरी लाडका असेल. मावशींचं मन कसं वळवायचं याची उजळणी करत मी सारसोळ्याला गेलो.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," मी सुरुवात केली, "पण हा डबा आता बदलावा लागेल."

मावशींनी हातातली सुरमई खाली ठेवली. "खरंच?"

"हो. नवीन बसवून देतो."

"अरे, मंग इतकी वरसं काय झोपला होतास? दिसभर कोकलतंय हा मेला! दार उघडला का टीं, लावला का टीं. मना त्याचा आवाज झोपेत पन येतंय."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तूच सांगलास ना, याला कधी काय होनार नाय म्हनून! मी वाट बघतंय, हा कवा मरतंय."

मी तिथेच मासळीच्या टोपल्यांमध्ये उभा राहून हसत सुटलो. मावशींना काही कळेना. नवा डबा बसवला त्या दिवशी त्यांनी मला बळेच जेवायला बसवलं.

घरी येऊन ईमेल लिहिला: 'आमची हरकत नाही. काढून टाका.' कुणीतरी वापरतंय तोवर सांभाळावं, हे मला आजही पटतं. फक्त त्या कुणाला एकदा विचारलेलं बरं.

ज्येष्ठाचं उत्तर नेहमीपेक्षा लांब होतं. तो भाग मुळात त्यानेच लिहिला होता, कॉलेजात असताना. 'गेला ते बरं झालं,' त्याने लिहिलं होतं. 'त्यातल्या ओळींमधल्या टिपांत मी जागोजागी विनोद पेरले होते. इतकी वर्षं कुणी वाचेल या भीतीने जीव मुठीत धरून होतो.'

मी ते सगळे वाचले होते. खरंच भिकार होते. पण कळवलं नाही.