साठ पाउंड हवा

परवा नातवानं गाडीत हवा भरली आणि तापलेल्या रबराच्या वासानं मी यवतमाळच्या सासरच्या अंगणात पोचले. तेव्हा मी नवी सून; "इंग्रजी वाचता येतं" अशी थाप मारून लग्न जमवलेली शहाणी!

नेरला माझ्या भावाच्या लग्नाला निघताना सासऱ्यांनी जुन्या मोटारीचं इंग्रजी पुस्तक पुढे केलं. "सूनबाई, चाकात हवा किती, वाचून सांग बरं."

पानभर आकडे. त्यातला हवेचा कोणता? थाप तर उघडी पडायला नको! सगळ्यात मोठा आकडा ठोकून दिला. "साठ पाउंड!"

"अवं, चाक फुटन नं! अठ्ठावीस भरली म्या सकाळीच."

मनात म्हटलं, मग मले विचारलं कायले? मांडवात मात्र सासरे सगळ्यांना सांगत होते, "हवा आमच्या सूनबाईनं वाचून सांगतली." थट्टा होती की माया, ऐंशी उलटली तरी कळलेलं नाही.