ब्रीडाच्या कोपऱ्यातलं पाणी

आयर्लंडातल्या लीट्रिम परगण्यात जमीन विकत घ्यावी लागते, ओल फुकट मिळते, असं मॅलकी मॅकगोव्हर्न म्हणायचा. खालच्या वावरातल्या पाण्याशी त्याने चाळीस वर्षं वैर धरलं. दर उन्हाळ्यात हा चर खणायचा, दर हिवाळ्यात पाणी परत येऊन हक्काच्या जागी बसायचं. पाण्याची बाजू घेणारं माणूस घरातच होतं. त्याची बायको ब्रीडा वावराच्या कोपऱ्यात, त्याच चिखलात, पिवळ्या फुलांचे पाणझेंडू वाढवायची. बी पिकलं की त्याच दिवशी ओल्या मातीत टाकायची, कारण वाळलेलं बी रुजत नाही. मे उजाडण्याच्या आदल्या संध्याकाळी ती फुलं उंबऱ्यावर पसरायची, म्हणजे त्या रात्री फिरणाऱ्या चोरट्या पऱ्या घरात शिरत नाहीत.

"शिरून नेणार काय? तुझी चहाची किटली?" मॅलकी दरवर्षी विचारायचा.

"तुला नेतील या आशेनं एखाद्या वर्षी फुलं घालणारच नाहीये मी," ती म्हणायची.

नोव्हेंबरात ब्रीडा गेली. फेब्रुवारीत मॅलकीने मशीन आणून कंबरभर खोल चर मारला. या वेळी अडवायला कोणी नव्हतं. वावर खरोखर सुकलं. अखेर जिंकलो, हे सांगायला तो लगबगीने घरात गेला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला.

एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी बांधावर पिवळं काही दिसलं. पऱ्या गेल्या खड्ड्यात, पण ब्रीडाचा उंबरा या वर्षी ओका नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तो ओंजळभर फुलं पसरत असताना शेजारची अट्रॅक्टा फाटकाशी थांबली.

"हे काय घातलंयस?"

"ब्रीडाची फुलं."

"डोळे फुटले का रे तुझे? पाकळ्या मोज. पाणझेंडूला पाच, चांगल्या रुंद. याला आठ-नऊ, चिंचोळ्या. हे कुठल्याही बांधावर उगवतं. चाळीस वर्षं काय बघत होतास?"

मॅलकीने मोजल्या. नऊ भरल्या.

"तुझ्या ओढ्याकाठची दोन दे मग."

"आज? आज घरचं काही बाहेर देत नाहीत. वर्षाचं नशीब जातं त्याबरोबर."

"तू मानतेस हे?"

"मुळीच नाही. पण देणार नाही."

तो तडक खालच्या कोपऱ्यात गेला. ब्रीडाचे पाणझेंडू कळ्यांसकट करपले होते. पानं ओढली तर हातात आली. बोटांनी माती उकरली. आत मूळ अजून पांढरं होतं. तिथेच गुडघ्यावर बसून मॅलकी रडला, हमसून रडला. मग त्याने फावडं आणलं आणि ज्या चरावर आयुष्य घातलं होतं, तो स्वतःच्या हाताने बुजवायला घेतला. पाणी चढेपर्यंत त्या मुळांसाठी विहिरीवरून बादल्या वाहिल्या. पाण्याला घाई नव्हती, जूनपर्यंत थांबायला लावलं त्याने.

पुढच्या वर्षी त्याच संध्याकाळी मॅलकी उंबऱ्याशी वाकून एकेका फुलाच्या पाकळ्या मोजत होता. अट्रॅक्टा फाटकाशी थांबली.

"वावरात पुन्हा तळं झालंय की रे! एवढा खोल चर, बुजला कसा?"

मॅलकीने पाचवी पाकळी मोजून फूल ब्रीडाच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"पऱ्यांनी बुजवला," तो म्हणाला.