अक्कांनी केलेला बिघाड

स्वतःच्या घरात बिघाड व्हावा म्हणून दर रविवारी बायकोपुढे हात जोडणारा माणूस सगळ्या बेंगळुरूत एकच होता, आणि तो नेमका माझा घरमालक होता. पुण्याहून येऊन मी बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो तेव्हा 'चला, आपली माणसं भेटली' म्हणून मला कोण आनंद झाला होता! घराणं मराठी खरं, पण कित्येक पिढ्या इथंच मुरलेलं. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. दोघांची कानडी वळणाची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी नुसतीच मान डोलवत होतो. "पुणेकर, स्वल्प आवाज होईल म्हणून मी तुम्हाला आधीच सांगितलो होतो की," असं अण्णा म्हणाले, तेव्हा त्यांचं 'थोडं' म्हणजे किती हे मला कळायचं होतं.

आवाज यायचा त्यांच्या दिवाणखान्यातून. तिथं पूर्वी पितळी कड्यांचा झोपाळा होता. तो उतरवून अण्णांनी माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट उभं केलं होतं आणि त्यात राउटर, स्विच अशी संगणकांना एकमेकांशी जोडणारी जुनीपुराणी यंत्रं एकावर एक रचली होती. सगळ्यांचे पंखे एकदम फिरायला लागले की वर माझ्या मांडणीतली भांडी किणकिणायची. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात अण्णांनी उभा जन्म हीच यंत्रं सांभाळली, पण हातात त्याचा कागद नव्हता. म्हणून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी नेटवर्किंगची प्रात्यक्षिक परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. या परीक्षेत दिवसभर यंत्रांसमोर बसवतात, नेटवर्क उभारायला लावतात, आणि मुद्दाम बिघडवून ठेवलेलं एक नेटवर्क दुरुस्त करायला देतात. आता या वयात कशाला हा खटाटोप, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "मला येतं हो. पण येतं म्हणून कुणीतरी एकदा म्हणायला नको का?"

अक्कांची अट एकच होती. पास झाल्याबरोबर हे धूड घराबाहेर जाईल आणि त्यांचा झोपाळा जागेवर येईल.

आता गंमत अशी, की बिघाड शोधायचा सराव एकट्याला करता येत नाही. आपणच बिघडवलं तर काय बिघडवलंय ते आपल्याला ठाऊकच असतं. म्हणून हे काम अक्कांकडे आलं. रविवारी सकाळी अण्णा देवळात जायचे आणि ते परत यायच्या आत अक्का कपाटात हात घालून काहीतरी बिघडवून ठेवायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. अण्णा पोट धरून हसले, आणि तिथंच चुकले. अक्का असल्या ईर्ष्येला पेटल्या की विचारू नका! आज दोन वायरींची अदलाबदल, उद्या एखादी वायर अशी नखभर मागे ओढायची की समोरून बघणाऱ्याला बसलेलीच वाटावी. अण्णा घामाघूम व्हायचे आणि अक्का आत निवांत हुळी, म्हणजे तिकडची आमटी, ढवळत बसायच्या. एकदा बिचारे दुपारपर्यंत शोधत होते. जेवायची वेळ टळली, शेवटी त्यांनी हात टेकले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आज मी कुठं काय केलेय? सगळं नीटच आहे की. परीक्षेत असंही विचारत असतील!" त्या दिवशी अण्णा तिन्हीसांजेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

या खेळाचा एक नियम होता. बिघाड दिसला तरी लगेच हात लावायचा नाही. आधी "सापडलं!" म्हणून ओरडायचं. मग अक्का पदराला हात पुसत बाहेर येणार, अण्णांचं बोट कुठं आहे ते बघणार, आणि "सरी" म्हणणार. म्हणजे बरोबर. त्यांची 'सरी' आल्याशिवाय दुरुस्ती नाही. ते "सापडलं!" वर माझ्यापर्यंत पोचायचं, समोरच्या फुलवालीपर्यंतही. ती हसून माझ्याकडे वर बघायची, आणि आमचा रविवार सुरू व्हायचा.

या नियमानंच अण्णांचा घात केला. पहिल्या परीक्षेत त्यांनी भर खोलीत "सापडलं!" अशी आरोळी ठोकली. परीक्षक धावत आले, समज दिली, आणि अण्णा त्यांच्याकडे 'सरी'च्या आशेनं बघत राहिले! दुसऱ्या वेळी तोंड मिटून बसले, पण बिघाड दिसला की हात आपोआप मांडीवर. वेळ संपली तेव्हा सगळे बिघाड सापडलेले होते आणि निम्मे तसेच होते. अक्का हसून हसून बेजार झाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "तिसऱ्या वेळी मीच येते तुमच्यासंगं."

त्या आल्या नाहीत. परीक्षा महिन्यावर आली होती. रविवारच होता. अण्णा देवळातून आले, आणि "सापडलं!"ऐवजी "पुणेकर!" अशी हाक आली. मी खाली धावलो. अक्का कपाटासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. नेहमीसारख्याच, फक्त मान कलली होती. डॉक्टर येईपर्यंत अण्णा त्यांचा हात धरून समोर बघत बसले होते. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला रडू आवरेना, आणि अण्णा मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

दिवस झाले, पाहुणे गेले. कपाट काही बंद झालं नाही. एका रविवारी अण्णा वर आले आणि म्हणाले, "स्वल्प बिघडवून देता का? परीक्षा द्यायला पाहिजे, नाहीतर ही रागावेल. तेवढा खालचा छोटा स्विच सोडून कुठंही हात लावा." मी पोटापाण्यासाठी संगणकासमोरच बसतो, तरी जमेल तेवढी बुद्धी चालवून दोन वायरी बदलल्या. अण्णांनी आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता, दोन्ही दाखवल्या. ओरडले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. "तुमच्यात लबाडी नाही हो पुणेकर, तुम्हाला नाही जमायचं," म्हणाले आणि मला कॉफी करायला आत गेले.

तिसऱ्या खेपेला ते पास झाले. मला जिन्यातच गाठून, दूधवाला आला नाही हे सांगावं तसं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात येलहंक्याचा एक क्लासवाला टेम्पो घेऊन आला आणि कपाटासकट यंत्रं घेऊन गेला. अण्णांनी मला झोपाळा टांगायला बोलावलं. किती महिन्यांनी त्या घरात शांतता होती! खिडकीत तो छोटा स्विच तेवढा चालू दिसला. त्याचे सगळे दिवे लुकलुकत होते, एक सोडून. मी वाकून पाहिलं तर त्या दिव्याखालची वायर नखभर मागे होती.

"अण्णा, ही वायर सैल आहे हो," म्हणत मी हात पुढे केला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ठाऊक आहे. ती खुर्चीत बसलेली, मी तिचा हात धरलेला. ही वायर समोरच दिसली की मला."

"मग बसवली का नाही?"

"तिनं सरी कुठं म्हटलंय अजून?"

मी त्यांना पास झाल्याची आठवण करून दिली. कागद आला, परीक्षकांनी मान्य केलं, आता तरी... अण्णा नुकत्याच टांगलेल्या झोपाळ्यावर एका कडेला सरकून बसले, शेजारची जागा तशीच ठेवून. "परीक्षकांनी म्हटलं, पुणेकर," ते म्हणाले. "त्यांचं काय घेऊन बसलाय?"

तो दोन अक्षरी शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. पण तो माझा नव्हता. मी कड्यांना तेल लावलं आणि वर आलो. अजूनही रविवारी अण्णा देवळातून येतात, चपला काढतात, खिडकीशी जाऊन उभे राहतात. मी वर हातातलं काम थांबवतो. समोरची फुलवालीही तेव्हा खाली मान घालून हार ओवत असते. थोड्या वेळानं झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागतात.