बाबांनी टाळलेला शब्द

बाबा दिग्रसच्या शाळेत मराठी शिकवायचे. 'महाप्रस्थान' हा त्यांचा आवडता शब्द. राजा राज्य सोडून हिमालयाकडे चालू लागतो, वाटेत सोबतचं एकेक माणूस गळतं, मागे वळून कोणी पाहत नाही. हे ते नववीला दरवर्षी सांगत. मीही त्याच वर्गात ऐकलं.

पुढे कापसाचे दिवस वाईट आले. माझा मोठा भाऊ ज्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता, ती बंद पडली. त्याला गुजरातेत काम मिळालं. निघाला त्या सकाळी स्टँडवर शेजारचे काका हसत म्हणाले, "मास्तर, पोराचं महाप्रस्थानच म्हणा की!"

"तो शब्द नको," बाबा म्हणाले. "त्यातून घरी कोणी येत नाही."

त्यानंतर वर्गातही ते त्या शब्दावर रेंगाळले नाहीत. अर्थ सांगून पुढच्या ओळीवर जात.

भाऊ गुजरातेतून आदिलाबादला गेला. फोनवर आई विचारायची, "काहून येत नाही रे?"

"येतो ना. हा हंगाम होऊ दे."

असे तीन हंगाम गेले. मग एका दुपारी तो दारात उभा राहिला. सोबत तेलुगू बोलणारी बायको आणि तिच्या कडेवर मुलगी. लग्नाचं त्यानं कळवलंच नव्हतं. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर तिनं नातीला मागून घेतलं. भावाशी मात्र दोन दिवस बोलली नाही.

वहिनीला मोडकंतोडकं मराठी येत होतं. बाबांनी तिला विचारलं, "प्रवासाला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"प्रयाणम्."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "आमच्याकडे राजे प्रयाण करतात. नाहीतर महाप्रयाण, म्हणजे माणूस गेलाच."

"आमच्यात बसनं माहेरी गेलं तरी प्रयाणम्," वहिनी म्हणाली.

बाबा मोठ्यानं हसले. भाऊ आल्यापासून घरात पहिल्यांदाच कोणी हसत होतं.

भाऊ परत दिग्रसला राहायला आला नाही. आदिलाबादला त्यानं मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. निवृत्त झाल्यावर बाबाच पांढरकवड्याला बस बदलून तिकडे जाऊ लागले. आई एकदाच गेली. पाणी मानवलं नाही म्हणाली.