एका प्रोपेनला पाच ऑक्सिजन

दुपारची जेवून पडलेय, डोळा लागतोय न लागतोय, तोच खडूचा आवाज येतो. बघते तर आमचे हे! जाऊन पंचवीस दिवस झाले आणि आत्ता उगवतायत. स्वयंपाकघरातल्या फरशांवर समीकरण लिहितायत.

"आधी कार्बन, मग हायड्रोजन. ऑक्सिजन शेवटी."

"शेवटीच ना! बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलंत, एका प्रोपेनला पाच ऑक्सिजन. आणि स्वतः गॅस गिझर लावून, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये आंघोळीला बसलात!"

"शालन, ओरडू नकोस. वर्ग चालू आहे."

खरंच की, समोर बाक आहेत, बाकांवर पोरं आहेत. ओटा कुठे गेला कोण जाणे.

"असू दे चालू! कळू दे त्यांनाही, त्यांचे टिपणीस सर कशाने गेले ते."

हे शांतपणे पाचाचा आकडा पुसून साडेतीन लिहितात. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड. "हे बघ. ऑक्सिजन कमी पडला तरी दोन्ही बाजू जुळतातच. फक्त विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही."

"मला शिकवू नका! खिडकीवर पुठ्ठा मी चिकटपट्टीनं चिकटवला होता. मी! नाशिकची थंडी आत येते म्हणून. तुम्हाला दिसला नाही?"

आता आम्ही दोघं बाथरूममध्ये आहोत. गिझरची निळी ज्योत पिवळी पडत चाललीय.

"दिसला की. पहिल्याच दिवशी."

"मग काढला का नाहीत?"

"तुला सर्दी झाली होती. म्हटलं, दोन दिवस राहू दे."

असा संताप येतो म्हणून सांगू! "वर्गात एक ऑक्सिजन चुकला तर पोराला बाकावर उभं करायचात. आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते! चिडून कुणी मेलं असतं का?"

मी स्टुलावर चढते, पुठ्ठ्यात नखं घालते आणि जीव खाऊन ओढते.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. हे गेले त्या दिवसापासून बाथरूमला बाहेरून कडी आहे, ती तशीच आहे. माझ्या मुठीत मात्र खाकी चिकटपट्टीचा हातभर तुकडा चुरगळलाय. बाथरूमच्या दाराखालून गार वारा येतो, पायांना लागतो. थंडी वाजते.

वाजू दे.