दाजींचं सहाशे ग्रॅम लोखंड

आख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या दाजींएवढा घाबरट माणूस शोधून सापडणार नाही, आणि दहा-बारा वर्षं खिशात पिस्तूल घालून कालव्यावर पाणी सोडण्याची सरकारी नोकरी केलेला दुसरा माणूसही सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. समोरून कुत्रं येताना दिसलं की ते रस्ता बदलत. एस.टी.त तिकीट मुठीत धरून बसत आणि उतरल्यावरही चार दिवस जपून ठेवत, न जाणो कोणी मागितलं तर. रेडिओला लायसन्स लागणं सरकारनं बंद केलं तरी दाजी पुढची दोन वर्षं पोस्टात जाऊन, नक्की बंद झालंय ना, अशी चौकशी करून येत. दुसऱ्या वर्षी पोस्टमास्तरांनी वैतागून त्यांना तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद अक्काच्या ट्रंकेत अजून आहे. अशा माणसाच्या आयुष्यात पिस्तूल कसं शिरलं हे मला नीट माहीत आहे, कारण ते शिरलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

एक्क्याऐंशी साल असेल. अक्काचं लग्न नुकतंच झालेलं. दाजी तिला जालन्याला सिनेमा दाखवायला घेऊन निघाले आणि नव्या नवरीसोबत धाकटी बहीण पाठवायची पद्धत म्हणून मीही गेले. जो घरगुती सिनेमा पाहायचा होता त्याची तिकिटं संपली होती. गाडी संध्याकाळी होती, तोवर उन्हात कुठे बसायचं, म्हणून दाजींनी दुसऱ्या टॉकीजची तिकिटं काढली. तिथे इंग्रजी गुप्तहेराचा सिनेमा निघाला. अक्का पंधरा मिनिटांत झोपली. पडद्यावरच्या बायकांचे कपडे पाहून, घरी बाबांनी विचारलं तर गोष्ट काय सांगायची, या काळजीत मी होते. दाजींना इंग्रजी येत नव्हतंच. पण त्या गुप्तहेरानं कोटाच्या आतून एक छोटं, काळं, तळहातात मावणारं पिस्तूल काढलं आणि दाजी खुर्चीत पुढे सरकले, ते सिनेमा संपेपर्यंत मागे टेकले नाहीत. बाहेर रसवंतीवर ग्लास हातात धरून उभे होते. मग मला म्हणाले, "बघितलं का बाई, त्याचा हात कापत न्हाई." दाजींच्या हातातला ग्लास हलत होता. त्यांच्या हाताला तरुणपणापासूनच कंप आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नवे जावई आहेत, संकोचले असतील.

त्या दिवसापासून दाजींनी त्या पिस्तुलाचा जो ध्यास घेतला, तसा लोक परीक्षेचासुद्धा घेत नाहीत. रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी मासिकं आणायची आणि हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांकडून त्यातला पिस्तुलाचा मजकूर तेवढा मराठीत करून घ्यायचा. किती गोळ्या बसतात, वजन किती भरतं, चाप किती कडक असतो, कोटाच्या कुठल्या बाजूला शिवणीत ठेवायचं, हे सगळं त्यांनी वहीत उतरवून ठेवलं होतं. गावात व्हिडिओ आला, पुढे केबल आली, आणि गुप्तहेराचा सिनेमा लागला की दाजी पाटावर बसल्यासारखे मांडी घालून समोर. "नट बदलले, गाड्या बदलल्या, बायका तर दर येळी बदलतेत. पिस्तूल तेच हाये," असं ते घरातल्या कोणाच्या तरी चिकाटीचं कौतुक केल्यासारखं म्हणत. पुढे एका सिनेमात त्या गुप्तहेरानं खरोखरच ते पिस्तूल टाकून मोठं, नव्या धर्तीचं घेतलं, तेव्हा दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी अक्कानं भाकरी थापता थापता विचारलं तर म्हणाले, "त्यानं सोडलं. आपण न्हाई सोडलं."

मी गिरणी चालवणारी बाई. मला ह्या वेडाचा उपयोग काय ते कळेना, म्हणून मी एकदा सरळ विचारलं की एवढ्या बंदुका असतात, डाकूंच्या असतात, फौजदारांच्या असतात, ह्या चिमुकल्यातच काय आहे. दाजींनी पुष्कळ विचार केला. मग म्हणाले की बाकीच्या बंदुका लोकांना दाखवायच्या असतात. ही दाखवायची नसते, नुसती जवळ असायची. मला ते पटलं नाही. पण सांगताना त्यांचा चेहरा इतका शांत झाला होता की मी विषय सोडून दिला.

नुसतं वहीत ठेवून भागेना तेव्हा, लग्नानंतर पाच-सहा वर्षांनीच, त्यांनी ते करून घेतलं होतं. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात ओतकाम करणारा त्यांचा एक शाळासोबती होता. सुतारानं दाजींच्या चित्रावरून लाकडाचा नमुना कोरला, सोबत्यानं त्यावरून लोखंड ओतलं. चाप हलत नव्हता, नळीला वरवर एक खळगा होता, बाकी सगळा भरीव गोळा. पण दिसायला हुबेहूब. मंठ्याला माझ्या गिरणीच्या काट्यावर दाजींनी ते ठेवलं तेव्हा ज्वारी दळायला आलेल्या बाया चार पावलं मागे सरकल्या. खऱ्याचं वजन वहीत सहाशे ग्रॅम लिहिलेलं, हे जास्त भरलं. दाजी परत जालन्याला गेले, मुठीत पोकळी ठेवून दुसऱ्यांदा ओतून आणलं, मग दर बाजाराच्या दिवशी येऊन कानशीनं घासायचे आणि काट्यावर ठेवून बघायचे. माझे यजमान तेव्हा होते. ते दाजींना म्हणायचे, "द्या इकडं, पिठात घालून देतो." शेवटी बरोबर सहाशे ग्रॅम भरलं, त्या दिवशी दाजींनी सगळ्या गिरणीला चहा पाजला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, दाजी बदलीवर होते त्या गावी हे झालं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. निवडणूक लागली आणि जीपवरून भोंगा फिरू लागला की परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. दरवेळी ज्यांच्याकडे रानडुकरांसाठी बारा बोअरच्या बंदुका असतात ते शेतकरी जातात, पावती घेतात, मतमोजणी झाल्यावर परत आणतात. आजवर दाजींनी तो भोंगा कधी मनावर घेतला नव्हता. या वेळी मात्र जीप नेमकी त्यांच्या दारासमोर पंक्चर झाली आणि अर्धा तास तिथेच ओरडत राहिली. दाजी अर्धा तास घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पाण्याला गेलेली असताना त्यांनी ते लोखंड धुतल्या रुमालात गुंडाळलं आणि ठाण्यात जाऊन बंदुकवाल्यांच्या रांगेत उभे राहिले. ठाण्याचे साहेब जालन्याला बैठकीला गेले होते. टेबलावर नवाच शिपाई होता, समोर चाळीस माणसं. त्यानं रुमालातलं काळं बघितलं, लायसन विचारलं, दाजींनी नाही म्हणून सांगितलं. शिपायानं रजिस्टरात तेच लिहिलं. वर दाजी पावती घेतल्याशिवाय हलणारे नव्हते.

अक्कानं सदरा धुवायला काढला तेव्हा ती पावती तिच्या हाताला लागली. मंठ्याला माझ्या शेजारच्या एस.टी.डी. बूथवर तिचा फोन आला, आणि फोनवर ती एवढंच म्हणाली की जशी आहेस तशी नीघ. मी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती. पावतीवर लिहिलं होतं: पिस्तूल, काळे, नग एक. परवाना: नाही. खाली दाजींची वाकडीतिकडी सही. विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचं ह्या माणसानं स्वतः जाऊन लिहून दिलं होतं. सरकारी नोकर दोन दिवस आत राहिला की आपोआप निलंबित होतो, हे दाजींनीच मला कधीतरी सांगितलेलं. घरात दोन शिकत्या पोरी. मी विचारलं, हे काय करून बसलात, तर दाजी गोंधळून म्हणाले, "बराबर तर लिहिलंय. लायसन न्हाई, म्हणून न्हाई लिहिलं. सरकारी रजिस्टरात खोटं कशाला लिहायचं?"

तेवढ्यात ठाण्यातून बोलावणं आलंच. साहेबांनी रजिस्टर वाचलं होतं. पाच वाजता ते बंदोबस्ताला निघणार आणि जमा शस्त्रांची यादी सोबत जालन्याला जाणार, असं निरोप आणणाऱ्यानं सांगितलं. एकदा यादी गेली की इथल्या कोणाच्या हातात काही राहणार नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

साहेबांनी विचारलं, कुठून आणलं. दाजी म्हणाले, जालन्याहून, मित्राकडून. मित्र काय करतो? लोखंडाचं काम. असं आणखी कोणाला करून दिलंय का? दाजी म्हणाले, माहीत नाही, पण हात चांगला आहे त्याचा. मी टेबलाखालून दाजींच्या पायावर चपलेनं दाबत होते. मग साहेबांनी विचारलं, कुठलं मॉडेल आहे, आणि दाजींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी अधिकारी माणूस त्यांना हा प्रश्न विचारत होता. कोणत्या देशात झालं, गोळ्या सात, पोलिसांसाठीच प्रथम बनवलेलं, कोटाला फुगवटा येत नाही. दाजी बोलत होते, शेजारी बसलेला जमादार लिहून घेत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक मी चप्पल आणखी जोरानं दाबत होते. शेवटी मी उठले. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडली, साहेबांना म्हटलं, वस्तू जरा टेबलावर ठेवायला सांगा. ठेवली. मी काडी नळीत घातली. नखाएवढी आत गेली आणि अडली. साहेबांनी स्वतः काडी घालून बघितली, चाप दाबून बघितला, मग तो नवा शिपाई कुठे आहे म्हणून विचारलं. जमादारानं भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

मला वाटलं, सुटलो. पण रजिस्टरच्या पानांना नंबर असतात, पान फाडता येत नाही, नोंद खोडता येत नाही. नोंदीखाली जमा करणाऱ्यानं स्वतः खुलासा लिहून सही करायला हवी होती. जमादार सांगू लागला, दाजी लिहू लागले. सदर वस्तू पिस्तूल नसून लोखंडाचा निरुपयोगी तुकडा आहे. "पिस्तूल नसून" इथपर्यंत दाजींनी लिहिलं. पुढे जमादारानंच पेन घेऊन वाक्य पुरं केलं आणि सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं. दाजींनी पेन खाली ठेवलं.

पाचला दहा मिनिटं होती. बाहेर ड्रायव्हरनं जीप चालू केली. मी हळूच म्हटलं, "दाजी, सही करा. पिस्तुलाला काय कळणार हाये? नोकरी गेली तर अक्काला कळंल."

"पिस्तूल न्हाई, हे खरं हाये बाई. ते मी लिहिलं," दाजी म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "पण निरुपयोगी कसं म्हणू साहेब? उपयोगी पडलंय ते. पाणी कमी होतं त्या साली कालव्याच्या गेटवर पन्नास माणसं काठ्या घेऊन आल्ती. पाळी दुसऱ्या गावाची होती. मी एकटा."

साहेब एकदम ताठ झाले. "त्यांना दाखवलं तुम्ही हे?"

"न्हाई साहेब. दाखवल्यावर मंग काय ऱ्हातंय? खिशात जड लागलं ना, की हात कापत न्हाई. गेटची चावी एका दमात बसती. आज तुमच्याकडं जमा हाये तर बघा." त्यांनी हात टेबलावर ठेवला. तो इतका कापत होता की टाचण्यांची डबी वाजू लागली. "खोटी सही कशी करू?"

जीपचा आवाज येत होता. मला त्या क्षणी दाजींच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, हे मी लपवत नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, रजिस्टर स्वतःकडे ओढलं, "लोखंडाचा निरुपयोगी तुकडा" खोडून वर "लोखंडी वस्तू" लिहिलं, बाजूला आपली बारीक सही केली आणि पुन्हा दाजींपुढे ठेवलं. दाजींनी सगळं वाक्य दोनदा वाचलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केली. पाच वाजून दोन मिनिटांनी जीप निघून गेली.

नोंद झाली होती म्हणून वस्तू मात्र मतमोजणीपर्यंत ठाण्यातच राहिली. मतमोजणी झाली तरी दाजी आणायला गेले नाहीत. ठाण्यावरून जायची त्यांना भीती वाटू लागली होती. थोड्याच दिवसांत त्यांनी घनसावंगीला बदली मागून घेतली. दाजींच्या नावावरची वस्तू पोलिसांच्या कपाटात पडून राहणं मला बरं वाटेना. दाजींकडून अधिकारपत्र लिहून घेतलं आणि मीच जाऊन ती सोडवली. जमादारानं वर्तमानपत्रात बांधून दिली. घनसावंगीच्या जीपमध्ये दहा जणांच्या जागी सोळा बसलेले, पर्स मांडीवर, आणि वाटेत कुठे तपासणी लागली तर काय सांगायचं हे मी मनात घोकत होते. शेजारच्या माणसाचे गुडघे रुंदावत चालले होते. एरवी मी अशा वेळी भांडते. त्या दिवशी पर्सवर हात ठेवून नुसतं "सरका" म्हटलं, आणि तो सरकला.

दाजींनी कागद सोडला, ते हातात धरून बघितलं. मला वाटलं, आता खिशात घालतील. पण त्यांनी विचारलं, "रस्त्यानं जड लागलं का, बाई?"

"लागलं," मी म्हटलं.

त्यांनी ते परत वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं. म्हणाले की तू ठेव, तुझे यजमान गेल्यापासून गिरणीवर एकटी असतेस, मंठ्याच्या बाजाराला काय काय लोक येतात. मी म्हटलं, मला लोखंड काय करायचंय, मी कोणाला भीत नाही. "मी भितो ना तुझ्यापायी," ते म्हणाले. मग मी आणलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि शेवटची जीप सुटणार होती.

दाजींना आणखी एखादं ओतून मिळालं असेल, असं मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं, हे अक्कानं मला फार उशिरा, दाजी निवृत्त झाल्यावर सांगितलं. नंतरची सगळी वर्षं, पाण्याची पाळी असली की दाजी तिला सोबत कालव्यावर न्यायचे. ती गेटपासून हाकेच्या अंतरावर बाभळीखाली डबा घेऊन बसायची आणि काम होईपर्यंत तिथून उठायची नाही. शेतकऱ्यांना वाटायचं, कालव्याच्या साहेबांना जेवण गरम लागतं.