बोलावल्याशिवाय

शेजारचे भार्गवकाका तरुणपणी लालबागच्या चाळीतल्या गणपतीच्या नाटकात माणसांचं रक्त पिणारा, सुळेवाला पिशाच सरदार व्हायचे. बोलावल्याशिवाय त्या पिशाचाला कुणाच्या घरात शिरता येत नसे. काका स्टेजवरच्या दाराशी थांबले, की प्रेक्षकांतल्या बायका म्हणायच्या, "अरे भार्गवा, बाहेर काय उभा? ये ना आत." नाटकातली भीती तिथेच संपायची. चाळीत बोलावण्याची वाट कोण बघणार?

आता तिथे आमचा टॉवर आहे. सगळी दारं बंद असतात.

काल माझी बेल वाजली. काका वाटीभर शिरा घेऊन उभे होते. मी वाटी घेतली. ते हलेनात.

"काय झालं, काका?"

"काही नाही रे. कुणी बोलावतं का, बघत होतो."

मी दार सताड उघडलं.

"या ना आत."

काकांनी चपला काढल्या आणि हसून सुळे दाखवत ते आत आले.